ग्रीसचा ठिपका

आमच्या भागात तोंडावर कुणी 'नाही' म्हणत नाही. 'बघू' म्हणतात. मी या शाळेत चित्रकलेची बाई म्हणून रुजू झाले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांकडे रंग मागितले. ते म्हणाले, "बघू." मला वाटलं, बघतील. दिवाळी झाली, थंडी पडली, तरी त्यांचं बघणं आपलं चालूच. शेवटी एका दुपारी मी त्यांना गाठून विचारलं, "सर, रंगांचं काय झालं?" ते अगदी निरागस चेहऱ्यानं म्हणाले, "बाई, मी बघू म्हनलो होतो की." म्हणजे, नाहीच म्हणालो होतो, तुम्हाला एवढंही कळू नये का. तेव्हापासून 'बघू' हा शब्द ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जायची. मुळात माझा स्वभाव तापट. घरचे म्हणतात, हिला चित्रकलेपेक्षा पीटी शिकवायला द्यायला हवं होतं.

शाळा केजपासून जीपनं अर्ध्या तासावर. फाट्यावर उतरायचं आणि आत गावाकडं चालत जायचं. शाळा सातवीपर्यंतच आहे. पाचवी, सहावी, सातवी असे तीन वर्ग माझ्याकडे. चित्रकलेचा तास म्हणजे ज्याला हवा त्यानं उचलून न्यावा असा. गणिताचं मागं पडलं, उचला. इंग्रजीची चाचणी राहिली, उचला. त्यामुळं माझा तास खरोखरच माझा मिळाला की मला जेवढं हायसं वाटायचं, तेवढंच मुलांनाही वाटायचं. पुस्तकं दप्तरात कोंबून चेन ओढल्याचा जो एकदम आवाज होतो, तो मला फार आवडतो. त्यानंतर वर्ग जरा सैल होऊन बसतो.

सातवीच्या पुस्तकात 'संकल्पचित्र' असा शब्द आहे. पहिल्या दिवशी मी तो फळ्यावर लिहिला तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, सत्यनारायणात करत्यात त्यो संकल्प का?" वर्गात पाणी सोडायची नक्कल सुरू झाली. मी शब्द पुसला आणि 'नक्षी' लिहिलं. नक्षी सगळ्यांना कळते. आज्जीच्या गोधडीवर असते, घरच्या फरशीवर असते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मागं रंगवलेली असते.

रंग नव्हते तोवर मी डोळ्यांवरच काम भागवलं. सीताफळाच्या दिवसांत एक पाटीभर सीताफळं वर्गात नेली आणि म्हटलं, बघा, एकच आकार पुन्हा पुन्हा आलाय, पण देठाकडं जाताना बारीक होत गेलाय. याला म्हणतात पुनरावृत्ती. मुलांनी अर्धा तास मान खाली घालून सीताफळाचे डोळे काढले. मी मागच्या रांगेतल्या वह्या बघून परत आले तर पुढच्या रांगेतला नमुना पोटात गेला होता. टेबलावर फक्त बिया. "बाई, पिकलंतं," एवढंच स्पष्टीकरण. तोल शिकवायला मी पाण्याचा कॅन लावलेली सायकल आणली. एका बाजूला भरलेला कॅन, दुसऱ्या बाजूला रिकामा कॅन, तर सायकल पडते. मग दुसऱ्या बाजूला काय लावाल? कुणी म्हणालं दप्तर, कुणी म्हणालं दोन दप्तरं, कुणी म्हणालं धाकटा भाऊ. दोन्ही बाजूंना सारखंच असायला लागत नाही, तोल मात्र सारखा लागतो, हे पुस्तकातलं वाक्य मला त्यानंतर वाचूनही दाखवावं लागलं नाही.

आणि ठिपक्याचा तास. तो पुढं कामाला आला म्हणून सांगते. मी फळ्यावर खडूनं एक ठिपका काढला आणि विचारलं, "हे काय?"

"डाग!" सगळा वर्ग ओरडला.

मग त्याच्या शेजारी, तेवढ्याच अंतरावर दुसरा काढला. मग तिसरा, चौथा, असं करत पार फळ्याच्या टोकापर्यंत ओळ नेली. "आता?"

मग खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "काठ, बाई. साडीचा काठ."

ती मुलगी फारशी बोलत नसे, म्हणून मी मुद्दाम तिच्याकडं बघितलं. फाट्यावर ज्यांचं गॅरेज आहे, त्या मेकॅनिकची ही मुलगी. तिच्या कंपासपेटीत कंपास नव्हता. वायसर होते, नटाखाली घालतात त्या भोकाच्या चकत्या. लहान, मोठे, गंज चढलेले, चकचकीत. शिवाय चारपाच नट आणि जुन्या बेअरिंगची एक कडी. बाकीच्या मुली वर्तुळ काढायला बांगडी वापरायच्या, आणि बांगडी एकाच मापाची असते. हिच्याकडं सगळी मापं होती. वायसर कागदावर ठेवायचा, बोटानं दाबायचा, पेन्सिल फिरवायची. नट ठेवला की षटकोन तयार. एके दिवशी ती वही घेऊन माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "बाई, एका नटाभोवती सहा नटं बरोबर बसत्यात. फट ऱ्हात न्हाई." तिच्या आवाजात एवढा आनंद होता की मी हातातली हजेरी बाजूला ठेवली.

रंग शेवटी आले. मुख्याध्यापकांनी नाही, मीच आणले. त्यात काळ्या रंगाची बाटली मी माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवली. कारण आमच्या मुलांना एक खोड आहे. चित्र कितीही चांगलं झालं तरी शेवटी काळ्या रंगानं कड मारल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही. आंब्याला काळी कड, ढगाला काळी कड, पाण्यालासुद्धा. मी सांगितलं, काळा रंग ज्याला हवा त्यानं माझ्याकडं यायचं आणि कशाला हवा ते सांगायचं. वर्षभरात फार थोडे आले.

त्या मेकॅनिकच्या मुलीचं हे सातवीचं वर्ष. पुढची शाळा केजला. माझ्यासमोर दोन वर्षांत सातवी झालेल्या किती मुली घरी राहिल्या, ते मी बघितलं होतं. त्यातली एक मला पिठाच्या गिरणीवर भेटली होती, डोक्यावर डबा. चांगली रेषा होती तिची, न थरथरणारी. "बाई, आजून सीताफळ आनता का वर्गात?" तिनं हसत विचारलं. मी हो म्हटलं आणि तिथून निघाले, कारण आणखी काही बोलले असते तर गिरणीवरच रडले असते. या मुलीचं असं होऊ द्यायचं नाही, असं मी तेव्हाच मनाशी धरलं.

म्हणून एका संध्याकाळी जीपची वाट बघताना मी गॅरेजमध्ये गेले. पत्र्याचं शेड, बाहेर दोन मोटारसायकली, आत एक ट्रॅक्टर. तिच्या वडलांशी मी पहिल्यांदा बोलले ते त्यांच्या पायांशी. बाकीचा माणूस ट्रॅक्टरखाली होता.

"मी शाळेतली चित्रकलेची बाई," मी पायांना सांगितलं.

"सलाम, बाई," ट्रॅक्टरखालून आवाज आला.

मी मुलीचं कौतुक केलं. हात चांगला आहे, डोकं चांगलं आहे, आठवीला केजला पाठवा, तिथं चित्रकलेच्या परीक्षांना बसता येतं. पाना फिरल्याचा आवाज येत राहिला. मग ते बाहेर सरकले, उठून बसले आणि चिंधीला हात पुसत म्हणाले, "जीप भरून येती, बाई. मानसं मागं लटकत्यात. पोरीला लटकत न्यावं का?"

मी स्वतः रोज त्याच जीपमध्ये अर्धी आत, अर्धी बाहेर बसून येत होते. तरी मी म्हटलं, "काहीतरी सोय होईल की. तुम्ही मनावर घ्या."

त्यांनी ट्रॅक्टरकडं बघितलं आणि म्हणाले, "बघू."

झालं. मी जीपमध्ये बसेपर्यंत माझं डोकं भणभणत होतं. शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवर कोंबडी होती, तिनं माझ्याकडं बघून मान वाकडी केली, तर मला तीसुद्धा 'बघू' म्हणतेय असं वाटलं.

जानेवारीच्या शेवटी शाळेचं गॅदरिंग असतं. त्या वर्षी मी मुख्याध्यापकांच्या मागं लागून त्याच दिवशी चित्रांचं प्रदर्शन ठेवायचं कबूल करून घेतलं. व्हरांड्यात सुतळ्या बांधायच्या, कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं अडकवायची, आणि नाच बघायला आलेलं सगळं गाव आधी त्या व्हरांड्यातून न्यायचं. मनात माझा बेत वेगळाच होता. चारचौघांनी पोरीच्या चित्रापुढं उभं राहून 'वा' म्हटलं, की बापाचं मन पाघळतं, असा माझा हिशोब. गॅरेजवरून जाताना मी आवर्जून सांगितलं, "शनिवारी या शाळेत. मुलीचं चित्र लावतेय."

"कामातून येळ भेटला तर बघू," ते म्हणाले. मी दात आवळून पुढं गेले.

मुलीनं मात्र जीव ओतला. मधोमध एक नट, त्याभोवती सहा नट, त्यांच्याबाहेर वायसरांची गोल रांग, आणि सगळ्याला वेढून बेअरिंगची मोठी कडी. रंग तीनच घ्यायचे असा माझा नियम. तिनं विटकरी, हळदीचा पिवळा आणि मोरपिशी घेतला. दोन रंग एकमेकांना कुठं चिकटतील आणि कुठं नाही, याचा तिनं एवढा विचार केला होता की मी मध्ये तोंड घातलं नाही. चारी कडांना तिनं पांढरा पट्टा मोकळा सोडला होता. "डोळ्याला बसायला जागा ठेवा," असं मी वर्गात म्हणत असते. ऐकणारं कुणी असतं यावर माझा तोवर विश्वास नव्हता. शुक्रवारी थोडं रंगवायचं राहिलं म्हणून मी तो कागद तिला घरी न्यायला दिला. एरवी मी कुणाला देत नाही. घरी गेलेला कागद धाकट्या भावाच्या ताब्यात जातो.

शनिवारी सकाळी मी स्टुलावर उभी राहून सुतळ्या ताणत होते. ती आली, बगलेत गुंडाळी. "झालं, बाई," म्हणाली. मी खाली उतरले, आम्ही दोघींनी टेबलावर कागद उलगडला.

उजव्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, त्या मोकळ्या पांढऱ्या पट्ट्यावर एक काळा ठिपका. तुरीच्या डाळीएवढा. आजूबाजूला तेलाची फिकट ओल पसरायला लागली होती.

मी बोट लावून बघितलं, नाकाशी नेलं. ग्रीस.

ती कागदाकडं बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "दुकानात ठिवलीती, बाई. जादा नेलेले वायसर द्यायला गेलते अब्बाला. मंग डबा आनायला घरी गेले. तवा हात लागला आसंल त्यांचा." आणि लगेच, "त्यांनी मुद्दाम न्हाई केलं."

ते मुद्दाम नव्हतं हे मलाही कळत होतं, पण त्यानं माझा राग कमी झाला नाही. एवढा एक दिवस हात धुवायला काय होत होतं या माणसाला? पोरीनं महिनाभर डोळे फोडले, आणि यांनी चिंधी समजून उचललं. मनातल्या मनात मी त्यांना उभं आडवं घेत होते. खोडरबर लावलं तर ग्रीस पसरणार, ब्लेडनं खरवडलं तर कागद फाटणार. मी खडूची भुकटी करून त्यावर टाकली, म्हणजे तेल तरी ओढलं जाईल. भुकटी झटकली. ओल थांबली, ठिपका जिथल्या तिथं, काळाभोर, चकाकत.

"मी न्हाई लावत, बाई," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या." आणि कागद गुंडाळायला लागली.

मला एकदम भीती वाटली. चित्राची नाही. ही पोरगी आता 'राहू द्या' म्हणाली तर जूनमध्येही 'राहू द्या' म्हणेल आणि तिचे वडील 'बघू' म्हणून मोकळे होतील. मी तिचा हात धरला. "थांब. एक ठिपका म्हणजे काय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "डाग."

मला पुढं काही बोलायची वेळच आली नाही. तिचा चेहरा बदलत गेलेला मी बघितला. तिनं कागद परत उलगडला, कंपासपेटीतला सगळ्यात लहान वायसर काढला आणि तो ग्रीसच्या ठिपक्यावर ठेवला. वायसरच्या भोकात ठिपका बरोबर मावला. मग त्याला चिकटून दुसरा वायसर ठेवला आणि त्याच्या भोकावर पेन्सिलनं खूण केली. मान वर न करता म्हणाली, "बाई, काळा द्या."

मी किल्ली शोधायला पर्स टेबलावर उपडी केली.

सगळा पांढरा पट्टा, चारी बाजूंनी, ठिपक्यांनी भरायचा होता. बाहेर मुलं नाचाचे कपडे घालून पळत होती, लाउडस्पीकरवर कुणीतरी 'हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग' करत होतं. ती मात्र एकेक वायसर पुढं सरकवत होती. तीन बाजू झाल्या. चौथ्या बाजूला शेवटच्या कोपऱ्यापाशी आली तेव्हा अर्ध्या वायसरची जागा उरत होती. एक ठिपका घातला तर दाटी, नाही घातला तर खिंडार. तिनं शेवटच्या काही खुणा पुसल्या आणि त्यांना थोडं थोडं सरकून बसायला लावलं, जीपवाला माणसांना लावतो तसं. ओळ जुळली. लांबून बघितलं तर कुठं सुरू झाली आणि कुठं संपली ते सांगता येईना.

मी चिमटे लावले. चित्र आधीपेक्षा चांगलं झालं होतं, हे मी खोटं सांगत नाही. त्या नक्षीला काठ आला होता.

दुपारी गाव लोटलं. आजीबाई नातवंडांची चित्रं शोधत होत्या, पोरं आपलं नाव लिहिलेला कोपरा बोट लावून दाखवत होती. मुख्याध्यापक त्या चित्रापाशी थांबले आणि म्हणाले, "लई भारी. फरशीचं डिझाईन हाय का?" मी हो म्हटलं. भांडायला मला वेळ नव्हता, माझं सगळं लक्ष फाटकाकडं होतं.

ते आले. पांढरा शर्ट, केस पाण्यानं चापून बसवलेले, हात मागं बांधलेले. कुठल्याही चित्राला हात लागणार नाही अशा बेतानं चालत होते, आणि ते बघून माझा सकाळचा राग उलट उसळून आला. आता एवढी काळजी, मग सकाळी काय झालं होतं? मी त्यांना सुनवायचं वाक्यही तयार ठेवलं होतं. फार मोठं नाही, पण झोंबणारं.

ते मुलीच्या चित्रापाशी आले. मुलगी माझ्या मागं उभी होती, माझ्या पदराआड म्हटलं तरी चालेल. ते वाकले, चित्राजवळ तोंड नेलं. मग मागं सरकले. पुन्हा पुढं झाले. कपाळाला आठ्या. वरचा कोपरा बघितला, तिथून नजर खाली नेली, पार चारी बाजू फिरून परत कोपऱ्यावर आणली.

"बाई," ते म्हणाले.

"बोला." माझं वाक्य ओठांवर होतं.

"म्या येकच लावलती. ह्या येवढ्या कुनी लावल्या?"

मला काही कळेना. "काय लावलं होतं?"

"नजरंची टिकली." त्यांनी मागं बांधलेला हात सोडला आणि कागदाला न लावता बोट दाखवलं, नेमकं त्या चकाकणाऱ्या ठिपक्याकडं. "ही माझी."

मी त्यांच्या बोटामागं ठिपक्याकडं बघितलं. मागून पोरीनंही मान पुढं काढली. त्यांना वाटलं असावं की आम्हाला राग आलाय, म्हणून तो अबोल माणूस घाईघाईनं सांगायला लागला. "सकाळी गुंडाळी ठिवून गेलती ही. म्या साबनानं हात धुतले, मंग उघडली. लई येळ बघितली, बाई. माझेच वायसर, माझेच नटं, आन् असं काय तरी. म्हनलं, आता सारं गाव बघनार हे. नजर लागंल. काजळ आनायला घरी जावं तर पोरगी येताना दिसली. मंग ग्रीसमधी बोट बुडवलं. काळं ते काळं. नजरंला काय कळतंय, काजळ हाय का ग्रीस."

माझं तयार वाक्य कुठं गेलं कोण जाणे. लहान बाळाच्या गालावर तीट लावतात ती मी जन्मापासून बघत आलेय. माझ्या आईनं मला लावली, मी माझ्या मुलाला लावली. कुरूप वस्तूला कुणी तीट लावत नाही. ज्याला आपण जपतो, जे लोकांच्या डोळ्यांत भरेल याची आपल्याला धास्ती वाटते, त्यालाच लावतात. ग्रीस ओळखलं म्हणून मी स्वतःला शहाणी समजत होते. आणि हा माणूस हात धुऊन चित्र बघायला बसला होता, आणि पुन्हा हात काळा करून उठला होता.

मला एकदम एवढं हलकं वाटलं की मी शेजारच्या खांबाला टेकले. घशाशी हुंदका आला होता, तो मी खोकून घालवला. महिनाभर ज्या माणसाचं मन वळवायचे बेत करत होते, त्याचं मन वळवायची गरजच नव्हती. तरी तोंडातून शब्द ऐकल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर येणार नव्हता.

"मग आठवीचं काय?" मी विचारलं. "तुम्ही बघू म्हणाला होता."

"बघितलं की," ते म्हणाले.

"काय बघितलं?"

"जीप. त्या जीपवाल्याच्या गाडीचं काम आपल्याकडंच आसतंय. त्याला सांगून ठिवलंय, जूनपासून मधल्या शिटावर एक जागा. लटकत न्हाई न्यायचं, म्हनलं."

"कधी सांगितलंत?"

"झालं की लई दिस. सक्रातीच्या आधी."

म्हणजे मी जीपमध्ये अर्धी बाहेर लटकत, या माणसाच्या नावानं बोटं मोडत येत जात होते, त्याच जीपमध्ये त्याच्या मुलीची जागा आधीच धरलेली होती. "अहो, मग मला सांगायचं तरी!" मी जवळजवळ ओरडलेच.

"तुमी परत इचारलंच न्हाई," ते साधेपणानं म्हणाले.

हे खरं होतं. मी 'बघू' ऐकलं आणि माझ्या बाजूनं विषय संपवला. सगळ्या बीड जिल्ह्यात एकच माणूस असा निघावा, ज्यानं 'बघू' म्हटलं आणि खरोखर जाऊन बघितलं, आणि तो नेमका माझ्या वाट्याला यावा.

मुलगी माझ्या मागून पुढं आली. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण सगळं एकदम आलं असावं, त्यामुळं तिनं त्यातलं सगळ्यात लहान उचललं. वडलांच्या शर्टाची बाही धरली आणि म्हणाली, "अब्बा, केजला कंपास लागंल. खरा."

ते चित्राकडं बघत होते. तिच्याकडं न बघताच, नेहमीच्या सवयीनं, म्हणाले, "बघू."

मी आणि ती, दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि हसायला लागलो. एवढं मोठ्यानं की पलीकडच्या आजीबाई वळून बघायला लागल्या. ती पोट धरून खाली बसली, माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि या वेळी मी खोकले नाही.

ते बिचारे आळीपाळीनं आमच्याकडं बघत राहिले. "कावून हसायलाव?" त्यांनी विचारलं. आम्ही सांगितलं नाही.